सूर्य मावळल्यावर सीताबर्डीत दिवा कोण लावणार?

सायंकाळी सातचा सुमार. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर खरेदीची गर्दी दाटते, दुकानांचे दिवे उजळतात. वैशाखातला उकाडा असेल तर घरोघरचे कूलर धडधडत असतात. नेमक्या याच घटकेला शहरातील छपरांवरचे सौर पॅनेल निद्रिस्त होतात. ऊर्जाक्रांतीची खरी परीक्षा भर दुपारी नव्हे, या घटकेला होते.

जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर गेला. २०३० चे उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठले गेले, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. परंतु क्षमता म्हणजे वीज नव्हे! २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेपैकी ७० टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती. आकड्यांच्या आरत्या ओवाळणाऱ्यांना हा भेद दिसत नाही, की पाहायचा नाही?

कोळसा आजच बंद करा, असे वातानुकूलित सभागृहांतून सांगणे सोपे आहे. २००५ च्या आसपास विदर्भातील खेड्यांनी दीर्घ भारनियमन सोसले, तेही कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या धुराड्यांच्या सावलीत. ते दिवस कोणाला परत हवे आहेत? मात्र कोळशाचे गोडवे गाणाऱ्यांनीही १६ जुलै २०२२ विसरू नये. कोराडी वीजकेंद्राचा खसाळा येथील राखेचा बांध त्या दिवशी फुटला आणि राखेचे पाणी शेताशिवारांत शिरले. प्रकाश साऱ्या राज्याला आणि राख विदर्भाला, हा न्याय कायमचा असू शकत नाही.

मग मार्ग कोणता? दुपारची वीज रात्रीसाठी राखून ठेवण्याचा. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प हेच करतो : मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे, मागणी वाढली की ते खाली सोडून वीज घ्यायची. असे प्रकल्प आणि बॅटरी-साठवण सौर पॅनेलांच्या बरोबरीने वाढली पाहिजे. वीजजाळेही तितकेच भक्कम हवे. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल भर दुपारी, लख्ख उन्हात अंधारले. दोष सूर्याचा नव्हता. विद्युतदाब आवरणारी व्यवस्था तोकडी पडली.

आणखी एक कळीचा प्रश्न. सूर्य आपला, पण पॅनेल कोणाचे? त्यांच्या जागतिक उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक असल्याचे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्येच दाखवून दिले. आखाती तेलाचे जोखड उतरवून चिनी सिलिकॉनचे जोखड मानेवर घेणे, याला स्वावलंबन म्हणत नाहीत.

म्हणून क्रम स्पष्ट हवा. आधी साठवण, स्वदेशी सेल आणि सक्षम जाळे. त्यानंतर जुन्या संचांना सन्मानाने निवृत्ती. पहिले पाऊल भक्कम रोवल्याशिवाय दुसरे उचलणारा धडपडतो, आणि राष्ट्राला अंधारात धडपडणे परवडणारे नाही.