मागच्या ओळीतले लेकरू

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब इतर मुलांपासून दूर, कोपऱ्यात, घरून नेलेल्या गोणपाटावर बसत. शाळेचा नोकरही त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे लागे. ७ नोव्हेंबर १९०० हा त्यांच्या शाळाप्रवेशाचा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात, फोटोला हार पडतो. पण आपल्या गावच्या वर्गात आज कोपऱ्यात कोण बसले आहे, हे आपण पाहतो काय?

आज गोणपाट नाही, पण ‘ढ’ हा शिक्का आहे. रोवणीच्या दिवसांत धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिलेली पोर आठ-पंधरा दिवसांनी शाळेत येते. धडा पुढे गेलेला असतो. ती गप्प राहते, मागच्या ओळीत सरकते. पुढे शाळाच सुटते. आपल्या गोंदिया जिल्ह्यात हे नवीन नाही.

तथागतांच्या संघात चुल्लपंथक नावाचा भिक्खू होता. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही. थोरल्या भावाने त्याला विहारातून जायला सांगितले. तथागतांनी मात्र त्याच्या हाती पांढरे स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. वस्त्र मळत गेले आणि पाठांतराने न कळलेली अनित्यता त्याला हाताने कळली. शिष्य तोच होता, शिकवण्याची रीत बदलली.

आपल्या समाजात गुरुजी आणि बाई पुष्कळ आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे. कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक, आणि वर्ग चार-पाच. हे ओझे आम्ही जाणतो. म्हणूनच मोठ्या मुलांची मदत घ्या. तिसरी-चौथीतल्या मुलाने पहिलीतल्याला वाचून दाखवले, तर दोघेही शिकतात. दर सोमवारी बसण्याच्या जागा बदला, म्हणजे मागची ओळ कोणाच्या नशिबी कायमची राहणार नाही. झाडू आणि पाण्याची पाळी सर्वांना सारखी लावा. पुस्तकात ‘भाताचे खाचर’ असते, आपल्या लेकराच्या घरी ‘धानाची बांधी’ असते. त्याला आधी घरच्या बोलीत उत्तर देऊ द्या, मग पुस्तकातला शब्द शिकवा. गोंडी, पोवारी, छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलांनाही हाच न्याय लावा. रोवणीनंतर परतलेल्या मुलीला ‘इतके दिवस कुठे होतीस?’ असे सर्वांदेखत विचारू नका. तिला जवळ बसवून राहिलेला धडा आधी सांगा.

आणि छडी? शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याचे १७ वे कलम मारण्यास आणि मन दुखावणाऱ्या छळासही बंदी करते. पण आपलेच आईबाप शाळेत जाऊन म्हणतात, “गुरुजी, चांगला बदडा, पण शिकवा.” माराने लेकरू गप्प बसते. गप्प बसलेले लेकरू शिकतेच असे नाही.

मायबहिणींनो, त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या संख्येप्रमाणे जागा द्यावी लागते. ती खुर्ची रिकामी ठेवू नका. मजुरी बुडते, हे खरे आहे. म्हणून सभा सायंकाळी घ्यायला सांगा. सभेत भांडण नको, एवढेच विचारा : माझे लेकरू कोणत्या ओळीत बसते? शेवटचा प्रश्न त्याने कधी विचारला?

रोवणीच्या दिवसांत धाकट्याची सोय विहारात किंवा शेजारी करता येते का, हे महिला मंडळाने पाहावे. एका पोरीची शाळा वाचली, तर पुढच्या पिढीचे घर शिकते.

बाबासाहेबांचे गोणपाट कोपऱ्यात होते. आपल्या लेकरासाठी कोपराच उरू नये, हे काम आपले आणि गुरुजींचे, दोघांचेही आहे.

जयभीम.