‘वामन परत न आला’ : एक पुनर्वाचन

किशोरवयात ज्या पुस्तकांनी मनास वेड लाविले, ती प्रौढपणी पुन्हा उघडावीत किंवा नाही, याविषयी रसिकांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, जुनी गोडी जुन्या ठिकाणीच राहू द्यावी. पुन्हा चाखल्याने ती विटते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, जे पुस्तक दुसऱ्या वाचनास टिकत नाही, त्याची पहिली गोडीही वरवरचीच असली पाहिजे. आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहोत, आणि डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांची ‘वामन परत न आला’ ही विज्ञान-कादंबरी अलीकडे पुन्हा वाचल्यावर आमचे हे मत अधिकच दृढ झाले आहे.

डॉ. नारळीकर यांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरास झाला व २० मे २०२५ रोजी पुणे येथे ते निवर्तले. त्यांची खगोलविज्ञानातील कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु त्यांनी कथालेखनास आरंभ कसा केला, ही हकीकत विद्यार्थ्यांस मुद्दाम सांगण्याजोगी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेकरिता त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आपल्याच नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव योजिले होते. आपल्या कीर्तीकडे पाहून नव्हे, तर कथेचा कस पाहून परीक्षकांनी निर्णय द्यावा, हा हेतु. कथेस पारितोषिक मिळाले. ज्यास परीक्षेची भीति नाही, त्यानेच असे करावे!

आता कादंबरीविषयी. खोल खणतीत एक पेटी सापडते. आपल्यापूर्वी हजारो वर्षे होऊन गेलेल्या एका प्रगत संस्कृतीने ती मागे ठेविलेली असते. तीतील ज्ञानाचा उलगडा करून आपले शास्त्रज्ञ एक बुद्धिमान यंत्रमानव घडवितात. त्याचे नाव वामन. पुराणातील वामनाप्रमाणे हाही प्रथमदर्शनी लहान व निरुपद्रवी भासतो. पण त्याच्या मनात आपल्यासारखेच दुसरे वामन निर्माण करावे, अशी इच्छा उत्पन्न होते. पुढे काय घडते, ते सांगून आम्ही रसभंग करीत नाही.

पहिल्या वाचनाच्या वेळी आमच्या पिढीतील खेड्यापाड्यांच्या मुलांनी संगणक बहुधा चित्रातच पाहिलेला होता. त्यामुळे त्या पेटीचे कुलूप केव्हा उघडते, या एका उत्कंठेने आम्ही पाने उलटीत असू. आज काही उणिवाही दिसतात. पात्रे विचार मांडण्याकरिता उभी केलेली आहेत. त्यांची सुखदुःखे आपल्याला फारशी भिडत नाहीत. यंत्रांची वर्णनेही त्या काळची वाटतात. तथापि पुस्तकातील मुख्य प्रश्न जुना झाला नाही, किंबहुना तो आता कोठे आपल्या दाराशी आला आहे. जे ज्ञान आपण स्वतः कष्टाने मिळविले नाही, जे आयते हाती आले, ते पेलण्याची परिपक्वता आपणांत आहे काय, हा तो प्रश्न होय.

ढोकीच्या वाचकांस या कथेतील खणतीचे नवल वाटू नये. शेजारचे तेर हेच प्राचीन ‘तगर’. तेथून भडोचच्या बंदरास कापड जात असे, अशी नोंद पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकवृत्तांतात आहे. आणि तेरच्या मातीत मिळालेल्या मूर्ती, मणी व खापरे कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे वेचून ठेविली, ती तेथील संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. याच तेरचे संत गोरोबाकाका. त्यांनी संतमंडळीच्या मस्तकांवर थापटणे मारून कोणते मडके पक्के व कोणते कच्चे हे पाहिले, आणि नामदेवांस कच्चे ठरविले, ही आख्यायिका आपणां सर्वांस ठाऊक आहे. आमच्या मते नारळीकरांच्या कादंबरीचे सारही हेच आहे: आवा उतरल्यावर थापटणे विसरू नये.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण असे. २०२२ च्या नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ हे संभाषण करणारे यंत्र सर्वांस खुले झाले. त्यानंतर तशी अनेक यंत्रे निघून घरोघरच्या मोबाईलमध्ये येऊन बसली. त्यांचा ठसा आता निबंधांच्या वह्यांत दिसू लागला आहे. ‘माझे गाव’ या विषयावर ढोकीचा विद्यार्थी खळखळणारे झरे व नारळीच्या बागा वर्णितो. आणि ऊस नाही, तेरणा नाही, उन्हाळ्यातील पाण्याची वानवा नाही! भाषा निर्दोष, परंतु त्या गावात तो मुलगा कोठेच नाही.

यावर काही पालक म्हणतात, ‘गुरुजी, आम्हां उभयतांस शिकविता येत नाही, शिकवणी परवडत नाही. मुलाची शंका हे यंत्र रात्री दहा वाजताही फेडते, ते का हिरावून घ्यावे?’ हा आक्षेप खरा आहे व तो आम्हांस मान्य आहे. यंत्रास शंका विचारणे हा अभ्यासच होय. परंतु आपण करावयाचा विचार त्याच्यावर सोपविणे हा अभ्यासाचा त्याग आहे. पूर्वी गाईडातून उत्तरे उतरविणाऱ्याचा निदान हात तरी दुखत असे. आता तेवढीही शिक्षा उरली नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनी ही कादंबरी अवश्य वाचावी. पालकांनी मोबाईल हिसकावून घेऊ नये. मात्र रात्रीच्या जेवणाच्या वेळी तो बाजूस ठेववून मुलास एवढेच विचारावे, ‘आज जे लिहिलेस, ते तुझ्या शब्दांत सांग पाहू.’ यास शिक्षण लागत नाही. ज्या आईस अक्षरओळख नाही, तिलाही मूल अडखळते आहे की समजून बोलते आहे, हे तत्काळ कळते. मूल अडखळले तर रागावू नये. कच्चे मडके फेकावयाचे नसते, ते पुन्हा भाजावयाचे असते.