पौष्टिक बाजरीस हरकत कशाची?

संपादक महाशयांस,



पौष्टिक वाण म्हणजे बियाणे-कंपन्यांची नवी तजवीज, हा गतांकातील पत्रलेखकांचा आक्षेप सकृद्दर्शनी सयुक्तिक वाटला, तरी 2012 साली महाराष्ट्रात प्रसृत झालेल्या ‘धनशक्ती’ बाजरीस तो मुळीच लागू पडत नाही. कारण इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्था व राहुरीचे कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्याने, जुन्याच वाणातून निवड करून सिद्ध झालेले हे वाण संकरित नसल्यामुळे शेतकऱ्यास घरचे बी राखता येते. किलोमागे सुमारे 71 मिलिग्रॅम लोह असलेल्या या बाजरीची भाकरी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील 12 ते 16 वर्षांच्या विद्यार्थ्यांना सहा महिने दिली असता, त्यांपैकी लोहन्यून मुलांची उणीव भरून निघण्याचे प्रमाण साध्या बाजरीच्या दीडपटीहून अधिक आढळले. पौष्टिक वाणांच्या याच वाटेने बांगलादेशाने तर 2013 मध्ये जस्तयुक्त भाताचे वाणच शेतकऱ्यांहाती दिले. आमच्या कुंडलच्या बागाईत शिवारात उसापुढे बाजरीचा पाड लागत नाही, हे खरे (आणि उसाने रक्त वाढत नाही, हेही). परंतु जत-आटपाडीच्या जिराईत रानांत ती आजही पिकते. जिल्हा परिषदेने तिथे हे बी पुरवून, तीच बाजरी खरेदी करून शालेय पोषण आहारात दाखल करावी, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कुंडल (जि. सांगली)