कर्जखात्यातला धूर

बँकेच्या शाखेतून धूर निघत नाही. पंखे, संगणक, वीज गेली की घरघरणारे जनरेटर आणि वसुलीसाठी फिरणारी एखादी जीप, एवढाच तिचा कार्बनचा संसार. म्हणूनच 'कार्बन-तटस्थ' होण्याच्या घोषणा बँकांना फारशा जड जात नाहीत. स्टेट बँकेने त्यासाठी २०३० सालाचे, तर एचडीएफसी बँकेने २०३१-३२ चे लक्ष्य ठेवले आहे. ही लक्ष्ये प्रामुख्याने स्वतःच्या कारभारापुरती आहेत. गच्चीवर सौर पॅनेल बसवली की त्या दिशेने एक पाऊल पडते, हे खरेच.

परंतु बँकेचा खरा धूर तिच्या कर्जखात्यात असतो. 'सीडीपी' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये वित्तसंस्थांनी दिलेली माहिती तपासली, तेव्हा कर्जे व गुंतवणुकीमागचे उत्सर्जन कार्यालयीन उत्सर्जनाच्या सरासरी ७०० पटींहून अधिक भरले.

आता हा हिशेब सोलापूरला लावून पाहू. येथील जिल्हा बँक, ग्रामीण बँक आणि नागरी सहकारी बँका ऊस, साखर कारखाने, यंत्रमाग आणि डाळिंब यांच्या जिवावर उभ्या आहेत. गंमत अशी, की केवळ कार्बन मोजला तर साखर कारखाना बराच सोज्वळ दिसतो. तो उसाचे चिपाड जाळून वीज तयार करतो आणि चिपाडातला कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो. पाण्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. राज्यातील लागवडीच्या सुमारे ४ टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे ७० टक्क्यांच्या घरात पाणी पितो, असे कृषिमूल्य आयोगाने नोंदवले आहे. अवर्षणप्रवण सोलापुरात या आकड्याचा अर्थ कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी 'उणे'त गेली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या महापुराने माढा, मोहोळकडची उभी पिके नेली. पैसेवारी पन्नासच्या आत आली, दुष्काळ जाहीर झाला, की पीककर्जाचे मध्यम मुदतीच्या कर्जात रूपांतर होते. कागदावर खाते जिवंत राहते, पण शेतकऱ्याच्या मानेवर जुना हप्ता आणि नवे पीककर्ज असे दुहेरी जू बसते. लागोपाठ दोन हंगाम बुडाले की विकास सोसायटी थकते आणि तिच्यामागोमाग जिल्हा बँक. सोलापूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचे संचालक मंडळ २०१८ मध्ये बरखास्त झाले, त्यामागे बड्या थकीत कर्जांचा बोजा होता. त्याचे खापर हवामानावर फोडता येणार नाही. पण आधीच वाकलेल्या बँकेला एक दुष्काळही पुरतो.

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये हवामानविषयक जोखीम जाहीर करण्याच्या नियमांचा मसुदा काढला. त्यातून ग्रामीण बँका वगळल्या होत्या, जिल्हा बँकांचाही त्यात समावेश नव्हता. लहान संस्थांवर अहवालांचे ओझे नको, हा हेतू समजण्यासारखा आहे. तरीही धोका नेमका तिथेच अधिक. मोठ्या बँकेचा एक जिल्हा बुडाला तरी तिला बाकीचे जिल्हे तारून नेतात. जिल्हा बँकेला आभाळ एकच! सोलापुरात काम करणारी विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ रोजी महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. आता या बँकेचे आभाळ राज्याएवढे झाले आहे. सोलापूरची जोखीम त्या विस्तारात नजरेआड होऊ नये.

मग या बँकांनी कोणती बांधिलकी पत्करावी? परदेशी नमुन्याचा जाडजूड अहवाल नको. कोणत्या पिकाला, कोणत्या पाण्याच्या भरवशावर किती कर्ज दिले, याचे एक पान वार्षिक सभेपुढे ठेवावे. कारखान्याच्या गाळपवाढीला कर्ज देताना त्याच्या परिसरातले पाणी तपासावे. ठिबक बसवणाऱ्याला व्याजात खरीखुरी सवलत द्यावी.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. 'हवामान जोखीम' असा शेरा मारून दोन एकरवाल्याचा अर्ज परत पाठवणे सोपे आहे. त्याने बँकेचे कर्जखाते स्वच्छ दिसेल, पण तो शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसेल. हवेत धूर त्याने सोडलेला नाही. त्याचा दंड त्याच्याकडून वसूल करणारी बांधिलकी कितीही हिरव्या शाईने लिहिली, तरी तिला सहकार म्हणता येणार नाही.