हाऊसिंग बदललं म्हणून पासिंग वाढत नाही

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो. गेल्या पंधरा दिवसांत तलवाड्यात न् आसपासच्या शिवारात निदान दहा जणांनी मला तेच विचारलं. "तात्या, मागचं हाऊसिंग कितीला पडलं? आता किती गोण्या टाकता?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. दुसऱ्याचा राग येतो, कारण ती चूक माझ्याच घरात होऊन गेलीय.

माझी पिकअप २००९ ची. पासिंग सव्वा टन, म्हणजे ५० किलोच्या २५ गोण्या. पण कांद्याच्या ४० गोण्या ही आमची नेहमीची खेप, खोटं कशाला बोलू. मागच्या साली गढीच्या अलीकडं एक्सल तुटला. नुसती गाडी थांबली असती तर गोष्ट वेगळी. तुटका दांडा, ड्रम, चाक सगळं हाऊसिंगच्या बाहेर आलं, चाक पुढं पळत कपाशीत गेलं आणि गाडी एका अंगाला बसली. पोरगं चालवत होतं, गोण्यांवर दोन गडी बसलेले. खड्डे चुकवत हळू चालला होता म्हणून निभावलं. त्वरितादेवीची कृपा, दुसरं काय.

मिस्त्रीनं तो दांडा हातात दिला न् समजावलं, ते सगळ्यांनी ध्यानात घ्यावं असं हाय. हलक्या गाडीत मागचं चाक थेट एक्सलच्या दांड्यावर बसवलेलं असतं. तोच दांडा गाडीचं वजन पेलतो न् तोच चाक फिरवतो. दांडा तुटला की चाक गेलं. भारी गाडीत हब हाऊसिंगच्या नळीवर दोन बेरिंगांवर फिरतो. वजन नळी पेलते, दांडा फक्त चाक फिरवतो. तिथं दांडा तुटला तर गाडी जागेवर थांबते, चाक सुटून पळत नाही. मला ही दुसरी रीत पटली म्हणून मोठ्या गाडीचं जुनं हाऊसिंग भंगारातून आणलं. २२ हजार.

बाकीचे १९ हजार कशात गेले ते ऐका. पाट्याची बैठक जुळेना, ती कापून नव्यानं वेल्डिंग. यू बोल्ट नवे. प्रॉपेलर शाफ्टचं तोंड वेगळं, लांबीही जास्त, तो कापून लेथवर बॅलन्स करून घ्यावा लागला. हँडब्रेकची केबल पुरेना. आणि चाकाला जुन्या हाऊसिंगवर ५ नट, नव्यावर ६. म्हणजे पुढची स्टेपनी मागं चालत नाही, मागची पुढं चालत नाही. दोन स्टेपन्या घेऊन हिंडतोय, लोक हसायलेत.

एक गोष्ट कुणीच आधी सांगत नाही. क्राऊन-पिनियनचे दात मोजा. माझं जुनं ९ ला ३७ होतं, नवं ८ ला ४१ आलं. म्हणजे आधी पिनियनच्या चार फेऱ्यांच्या थोडं वर चाकाची एक फेरी व्हायची, आता पाचाच्या वर लागतात. चढाला गाडी बैलासारखी ओढते, पण इंजिनाच्या ज्या फेऱ्यांवर ६० नं पळायची त्यावर आता ४८ नं पळते. काट्याची केबल गिअरबॉक्समधून येते, तो बिचारा अजून ६० च दाखवतो. हायवेला डिझेल जास्त जायलंय हे पहिल्याच खेपेला कळलं. चारही चाकं ओढणारी जुनी जीप असेल तर नुसतं मागचं बदलूच नका. पुढचं न् मागचं प्रमाण जुळलं नाही तर फोर व्हील टाकल्यावर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतील आणि काहीतरी फुटेल.

आता दुसऱ्या प्रश्नाकडं येतो. हाऊसिंग बसल्यावर आठच दिवसांत पोरानं मला न विचारता ५२ गोण्या भरल्या. सव्वीसशे किलो. पासिंगच्या दुप्पट. "तात्या, एक्सल आता ट्रकचा हाय," म्हणाला. मांजरसुंब्याचा घाट चढताना गाडी मस्त चढली, त्यामुळं त्याला अजूनच जोर आला. तुळजापूरच्या पुढं सोलापूरकडं उतार लागला तेव्हा कळलं. ब्रेकचं पायडल आधी कडक झालं न् मग गाडी थांबेना. ड्रममधून धूर, लायनर जळाल्याचा वास. दुसऱ्या गिअरवर इंजिनानं धरत कशीबशी उतरवली. रात्री फोनवर सांगताना पोराचा आवाज हलत होता.

मागचा एक्सल बदलला, पण पुढचे ब्रेक तेच, मास्टर सिलेंडर तोच, चेसी तीच, स्टिअरिंग तेच. गाडी थांबवताना सगळा झोक पुढं येतो, म्हणून जास्त काम पुढचे ब्रेक करतात. ते सव्वा टनाच्या हिशोबाचे. मागं जास्त भरलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात पाण्यासारखं फिरतं. आधी एक्सल तुटून आपल्याला थांबवत होता. आता तो तुटत नाही, म्हणून पुढचं जे तुटंल ते घाटात तुटंल.

कायद्याचंही बोलतो. आरसीवर वजन आहे तेच राहतं, मागं रणगाड्याचा एक्सल टाका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं ठरवलेल्या गोष्टीत आरसीशी न जुळणारा बदल करायचा नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये तेच पक्कं केलं. जादा भाराला कलम १९४ खाली २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार दंड हाय. मी आधी कुठं विचारलं नाही, ही माझी चूक. तुम्ही मिस्त्रीकडं जायच्या आधी बीडच्या आरटीओत न् विमावाल्याकडं जा. अपघात झाल्यावर विमावाला पहिलं गाडीच्या खाली वाकून बघणार.

कृषी अधिकारी मंडळी हे वाचतात, त्यांच्यासाठी एक. आपल्या काळ्या रानात ओल असताना भरलेली गाडी थेट वाफ्यापर्यंत नेतो आपण. वरची माती किती दबते ते टायरच्या हवेवर, पण खालची, नांगर न पोचणारी माती एक्सलवरच्या वजनावर दबते. हवा कमी करून ती वाचत नाही. माझ्या रानात गाडीच्या वाटेवर पऱ्हाटी गुडघ्याच्या वर जात नाही, पाणीही तिथंच तुंबतं. कार्यक्रमांत ट्रॅक्टरच्या वजनाचं सांगता, पिकअपचंही सांगत जा.

दुप्पट का भरतो, हेही खरं बोलू. सोलापूर आम्हाला जाऊन दोनशे किलोमीटरच्या वर. भाव पडलेला असला की २५ गोण्यांची पट्टी हातात घेतल्यावर डिझेल, हमाली, तोलाई जाऊन राहतं काय? म्हणून माणूस भरतो. मला ते समजतं, मीच भरत आलो. पण त्याचा इलाज एक्सल न्हाय. दोघा-तिघांनी मिळून ४०७ भाड्यानं केली तर गोणीमागं तेवढ्यातच पडतं, मी हिशोब करून बघितलाय. ज्याचं जुनं हाऊसिंग झिजलंय, रस्ता खराब हाय आणि भार पासिंगएवढाच न्यायचाय, त्यानं परवानगी काढून, ब्रेकसकट काम करावं. त्याला माझी ना न्हाय.

मी आता पुढचे लायनर, व्हील सिलेंडर, ब्रेक पाईप सगळं नवं टाकलंय. गोण्यांवर माणूस बसवायचं बंद. भरणं २५ गोण्या, काट्याची पावती मी स्वतः बघतो. बाकीचा माल शेजाऱ्याबरोबर भाड्याच्या गाडीत जातो. पोरगं कुरकुर करतंय, पण घाटाचं नाव काढलं की गप बसतंय.