वादळानंतर समुद्रकिनारी जावे का?

मुलांनो, शिरड शहापूरहून समुद्र फार दूर आहे. रायगड जिल्ह्यातले श्रीवर्धन येथून पाचशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. त्यामुळे हिंगोली जिल्ह्यातल्या कुटुंबाने समुद्र पाहायचे ठरवले, की महिनाभर आधी पैसे साठवले जातात, आरक्षण होते, डब्यात काय न्यायचे हेही ठरते. आणि नेमकी तेव्हाच बातमी येते : 'कोकणात चक्रीवादळ!' अब्बा म्हणतात, "सहल रद्द." मुले हिरमुसतात.

असे वारंवार होणार, कारण अरबी समुद्रातली चक्रीवादळे बहुधा पावसाळ्याच्या आधी किंवा नंतर येतात, आणि आपल्या उन्हाळ्याच्या व दिवाळीच्या सुट्ट्याही तेव्हाच असतात. मग करावे काय? माझे मत असे, की सहल रद्द करू नये, पुढे ढकलावी.

'निसर्ग' वादळाचे उदाहरण घ्या. हे नाव बांगलादेशाने सुचवले होते. 3 जून 2020 रोजी दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली या भागांत घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, झाडे पडून रस्ते बंद झाले. कित्येक दिवस वीज नव्हती. पण सर्वांत मोठे नुकसान डोळ्यांना चटकन दिसत नाही. तुमच्या दादीच्या पानदानात सुपारी असते ना? श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. त्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. सुपारीचे रोप लावल्यावर फळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात. तोवर त्या घराने खायचे काय?

पुष्कळ घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधलेल्या आहेत. बाग गेली, तरी खोली भाड्याने देता येते. पण वादळाची बातमी ऐकून पाहुणे वर्षभर फिरकले नाहीत, तर तोही आधार जातो. म्हणून 'बिचाऱ्यांवर संकट आले, आपण कशाला जायचे?' हा विचार दयाळू वाटला, तरी मला तो बरोबर वाटत नाही.

मात्र लगेचही धावू नये. पडझड पाहायला गाड्या घेऊन जाणे मला तर असभ्यपणाच वाटतो. पिण्याचे पाणी गावालाच पुरत नसताना पाहुण्यांना कोण देणार? मग जायचे कधी? माझी खूण साधी आहे : एस.टी. नियमित धावू लागली, की जावे. एस.टी. सुरू झाली म्हणजे झाडे उचलली गेली आणि रस्ता मोकळा झाला. तरी निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून वीज आणि पाणी आहे का, हे विचारावे. आगारातही चौकशी करावी.

प्रवास कठीण नाही. शिरड शहापूरहून वसमतमार्गे एस.टी.ने परभणी गाठावी. तेथून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी ठाणे. ठाण्याहून लोकलने पनवेल, पनवेलहून कोकण रेल्वेने माणगाव, आणि माणगावहून म्हसळ्यामार्गे श्रीवर्धनची एस.टी. जीपवाल्यापेक्षा यात वेळ जास्त जातो, हे खरे. पण खर्च पुष्कळ वाचतो. 2023 पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट आहे. अम्मी, आपा आणि खाला बरोबर असतील, तर हिशेब तुम्हीच करा. वाचलेला पैसा त्या गावातल्या खाणावळीत खर्च करता येईल. बरोबर टॉर्च ठेवा आणि थोडी रोख रक्कमही. पावसाळा सुरू झाला असेल, तर मात्र दिवाळीपर्यंत थांबा. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, जंजिरा किल्ल्याकडे होड्याही जात नाहीत.

तुम्हांला आणखी एक गंमत तेथे भेटेल. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागात कोकणी मुसलमानांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या घरांत मराठीच्याच वळणाची कोकणी बोली बोलतात. हे पुस्तक वाचून शिकलेली मराठी तेथे धीटपणे बोला. कोकणात समुद्राला 'दर्या' म्हणतात. उर्दूत दरिया म्हणजे नदी! तेव्हा "दर्या किती लांब?" असे विचारताना गोंधळू नका.

आणि ज्यांच्या घरी उतराल, त्यांना बाग दाखवायला सांगा. वादळातून वाचलेली उंच झाडे आणि त्यांच्या मध्ये नंतर लावलेली ठेंगणी झाडे, ही एकाच वाफ्यात दिसतील. कोणते झाड कधीचे, हे घरातली मुलेसुद्धा तुम्हांला बोट दाखवून सांगतील.