दिलेले स्वशासन

'स्वराज्य' आणि 'सुराज्य' यांतील भेद मराठी माणसाला मुद्दाम शिकवावा लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे जो मोठा वैचारिक झगडा झाला, त्याचे सार या एका अक्षराच्या फरकात साठवलेले आहे. रस्ते, शाळा आणि शांतता परका राज्यकर्ताही देऊ शकेल. परंतु आपला कारभार आपण करण्याचा हक्क चांगल्या कारभाराने फिटत नाही, हे त्या पिढीने नेमके ओळखले होते. १९१९ च्या सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती 'सोपीव' ठरली. पोलीस, महसूल, अर्थ ही 'राखीव'. सत्ता कोठे आहे हे पाहायचे तर सोपीव खात्यांची यादी बाजूला ठेवून राखीव खात्यांची यादी वाचावी, हा धडा आपल्या लोकांनी तेव्हा घेतला. तोच धडा हाताशी धरून आम्ही प्रस्तुत लेखात एका अशा प्रदेशाकडे पाहणार आहोत, ज्याच्या कायद्याच्या शीर्षकातच 'स्वशासन' हा शब्द आहे. आम्ही मराठीचे अध्यापक. राज्यशास्त्राचा अधिकार सांगत नाही. शब्द आणि त्याने दाखवलेली वस्तू यांतील अंतर मोजणे हा मात्र आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

हा प्रदेश म्हणजे गिलगिट-बाल्टिस्तान. काराकोरम, हिंदुकुश आणि हिमालय या तीन पर्वतरांगा जेथे एकमेकींना भिडतात तेथे पसरलेला, सुमारे ७३ हजार चौरस किलोमीटरचा मुलूख. शिना, बाल्टी, बुरुशस्की, वाखी, खोवार या भाषांचे हे घर. त्यांतील बुरुशस्कीचे जगातल्या दुसऱ्या कोणत्याही भाषेशी असलेले नाते भाषाशास्त्रज्ञांना अद्याप निर्विवादपणे सिद्ध करता आलेले नाही. इंग्रजांनी १९३५ मध्ये गिलगिटचा कारभार जम्मू-काश्मीरच्या महाराजांकडून साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला आणि १ ऑगस्ट १९४७ रोजी तो परत केला. ऑक्टोबरच्या अखेरीस महाराजांनी भारतात सामील होण्याच्या करारावर सही केली आणि लगोलग गिलगिट स्काउट्स या पलटणीने बंड करून महाराजांचा गव्हर्नर घन्सारासिंग याला कैद केले. १ नोव्हेंबरला स्थापन झालेले तेथील हंगामी सरकार जेमतेम पंधरवडाभर टिकले. मग पाकिस्तानचा राजकीय अधिकारी येऊन गादीवर बसला. २८ एप्रिल १९४९ रोजी कराचीत एक करार झाला. पाकिस्तान सरकार, 'आझाद' काश्मीरचे सरकार आणि मुस्लिम कॉन्फरन्स हे त्याचे पक्ष होते. या कराराने गिलगिट आणि बाल्टिस्तानचा कारभार पाकिस्तानकडे गेला. ज्यांचा कारभार हस्तांतरित झाला त्यांच्यापैकी एकाचीही सही त्यावर नाही.

पुढे या प्रदेशाला जे नाव मिळाले ते फार बोलके आहे. १९७० पासून सुमारे चाळीस वर्षे सरकारी दप्तरात त्याचा उल्लेख 'उत्तरेकडील प्रदेश' असा होत असे. दिशा हे कोणाचेही नाव नसते. हुंझ्यात राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हुंझा उत्तरेला नाही. तो जेथे आहे तेथेच आहे. 'उत्तर' ही इस्लामाबादेतील खुर्चीवरून दिसणारी उत्तर. नावच जेथे दुसऱ्याच्या बैठकीवरून ठरते, तेथे कायदेही त्याच बैठकीवरून ठरले तर आश्चर्य कसले? सरहद्दीवरील टोळ्यांसाठी इंग्रजांनी केलेले जाचक गुन्हेविषयक नियम येथे १९७० च्या दशकापर्यंत चालू होते. १९९९ मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने या लोकांना मूलभूत हक्क आणि आपल्या निवडलेल्या प्रतिनिधींकरवी राज्य करण्याचा अधिकार द्यावा असा निकाल दिला, त्यासाठी सहा महिन्यांची मुदतही घालून दिली. सहा महिन्यांचे दशक झाले.

मग २००९ मध्ये 'गिलगिट-बाल्टिस्तान सबलीकरण आणि स्वशासन आदेश' निघाला. प्रदेशाला त्याचे नाव परत मिळाले, ३३ सदस्यांची विधानसभा मिळाली, मुख्यमंत्री मिळाला. या लाभांना आम्ही क्षुल्लक म्हणणार नाही. नाव परत मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु आता राखीव खात्यांची यादी वाचावी. विधानसभेच्या वर एक परिषद बसवण्यात आली आणि तिचे अध्यक्षपद पाकिस्तानच्या पंतप्रधानांकडे राहिले. खनिजे, वने, पर्यटन, मोठे जलविद्युत प्रकल्प असे विषय परिषदेकडे गेले. ज्या मुलखापाशी डोंगर, पाणी आणि डोंगरातील धातू याशिवाय दुसरी दौलत नाही, त्याच्या विधानसभेला या तिन्हींवर हुकमत नाही. २०१८ मध्ये नवा आदेश निघाला; परिषद सल्लागार झाली आणि तिची सत्ता थेट पंतप्रधानांच्या हाती गेली. लोक रस्त्यावर आले, लाठ्या आणि अश्रुधूर झेलून घरी परतले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आपला अधिकार या प्रदेशावर चालतो. मात्र सार्वमत होईपर्यंत प्रदेशाचा घटनात्मक दर्जा बदलता येणार नाही. म्हणजे न्यायालयाचा हात तेथवर पोचतो आणि तेथील मतदाराचा हात संसदेपर्यंत पोचत नाही. इस्लामाबादच्या राष्ट्रीय सभेत वा सिनेटमध्ये गिलगिट-बाल्टिस्तानची एकही जागा नाही.

या कोरड्या घटनाक्रमाचा अर्थ माणसाच्या आयुष्यात काय होतो, हे अत्ताबादने दाखवले. ४ जानेवारी २०१० रोजी हुंझा खोऱ्यात अत्ताबाद गावाजवळ डोंगर कोसळला. माणसे दगावली, हुंझा नदी अडली, पाणी महिनोन्‌महिने चढत राहिले आणि वरच्या अंगाची घरे, बागा, शेते आणि काराकोरम महामार्गाचा मोठा तुकडा त्याखाली गेला. आज त्या निळ्याशार तळ्यावर पर्यटक नौकाविहार करतात. ऑगस्ट २०११ मध्ये नुकसानभरपाई न मिळालेल्या विस्थापितांनी अलियाबादेत निदर्शने केली. पोलिसांच्या गोळीबारात बाप आणि मुलगा असे दोघे ठार झाले. लोक संतापले, पोलीस ठाण्याची जाळपोळ झाली आणि त्या प्रकरणात बाबा जान या डाव्या कार्यकर्त्याला त्याच्या साथीदारांसह दहशतवादविरोधी कायद्याखाली जन्मठेप झाली. तुरुंगातून त्याने २०१५ ची निवडणूक लढवली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. त्याची सुटका २०२० च्या नोव्हेंबरात झाली, तीही हुंझ्यातील लोक ऐन थंडीच्या तोंडावर रस्त्यावर ठिय्या देऊन बसले तेव्हा. भरपाई मागणे हे ज्या राज्यात दहशतवादाच्या कक्षेत जाऊ शकते, तेथे विधानसभेच्या इमारतीने कोणाचे समाधान व्हावे?

येथे आपल्याकडील एका सवयीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. तेथे गव्हाच्या सवलतीसाठी, करवाढीविरुद्ध किंवा विजेसाठी मोर्चा निघाला की आमच्या वृत्तवाहिन्या 'भारतात येण्यासाठी आक्रोश' असा मथळा देऊन मोकळ्या होतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. मार्च २०२१ मध्ये तेथील विधानसभेने एकमताने ठराव केला तो पाकिस्तानचा हंगामी प्रांत होण्याचा. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये पंतप्रधान इम्रान खान यांनी तशी घोषणाही केली होती. ठराव होऊन वर्षे उलटली, घटनादुरुस्ती मात्र झाली नाही. काहींना प्रांत हवा आहे, काहींना 'आझाद' काश्मीरसारखी रचना हवी आहे, काही थोडे स्वातंत्र्याची भाषा बोलतात. प्रतिनिधित्व नसेल तर करही नाहीत, हे मात्र सगळेच म्हणतात. त्यांच्या तोंडी आपल्या सोयीची वाक्ये घालणे ही इस्लामाबादच्याच पद्धतीची दिल्लीतील आवृत्ती होय.

'आझाद' काश्मीरची रचना तरी किती आझाद? त्याच्या १९७४ च्या हंगामी राज्यघटनेने पाकिस्तानातील विलीनीकरणाच्या तत्त्वाविरुद्ध प्रचार करण्यास व्यक्ती आणि पक्ष या दोघांनाही बंदी घातली. भविष्यात सार्वमत व्हावे असा आग्रह धरायचा आणि त्या सार्वमताचे उत्तर आधीच कायद्यात लिहून ठेवायचे, असा हा प्रकार. १९६७ मध्ये पूर्ण झालेल्या मंगला धरणाखाली जुने मीरपूर बुडाले, लाखावर माणसे उठली. आणि २०२४ च्या मे महिन्यात त्याच मुलखातील लोकांना विजेचे दर आणि पीठ यांसाठी मुझफ्फराबादवर मोर्चा न्यावा लागला, त्यात बळी गेले, तेव्हा कोठे २३ अब्ज रुपयांची मदत जाहीर झाली. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस पुन्हा बंद, पुन्हा गोळीबार आणि ४ ऑक्टोबरला पुन्हा समझोता. या खेपेला मागण्यांत विधानसभेतील बारा जागांचाही प्रश्न होता. पाकिस्तानात इतरत्र राहणाऱ्या निर्वासितांसाठी राखून ठेवलेल्या या जागा मुझफ्फराबादची सरकारे बनवण्या-पाडण्याच्या कामी येतात, अशी लोकांची तक्रार आहे. आंदोलन पिठापासून सुरू झाले आणि राज्यरचनेपर्यंत पोचले. आम्हांला हा प्रवास अगदी स्वाभाविक वाटतो.

यावर नेहमीचे उत्तर असे की, प्रदेश 'वादग्रस्त' आहे, निकाल लागेपर्यंत थांबावे. हे उत्तर आम्हांला मान्य नाही. सार्वभौमत्व कोणाचे हा दोन राष्ट्रांमधील वाद. खोऱ्यातील पाण्याचा, जमिनीचा, शाळेतील भाषेचा निर्णय कोणी करावा हा तेथील माणसांचा प्रश्न. पहिला सुटेपर्यंत दुसरा अडवून ठेवण्याचे काही कारण नाही. बाल्टिक समुद्रातील ऑलंड बेटांचे उदाहरण पाहावे. रहिवासी स्वीडिश बोलणारे, हक्क फिनलंडचा, ओढ स्वीडनकडे. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने बेटे फिनलंडला दिली, पण भाषा, जमीन आणि स्वशासन यांची हमी घेऊन. आजही त्या स्वायत्ततेच्या कायद्यात ऑलंडच्या विधिमंडळाच्या संमतीवाचून फिनलंडच्या संसदेला बदल करता येत नाही. खऱ्या स्वशासनाची कसोटी आमच्या मते हीच आहे: दिलेले अधिकार परत घ्यायचे झाल्यास कोणाची परवानगी लागते? आदेशाने आलेले स्वशासन आदेशाने जाते. २००९ चे २०१८ मध्ये असेच गेले.

आणि ही कसोटी हाती घेतली की ती नियंत्रणरेषेपाशी थांबवता येत नाही. बाल्टी भाषा तेथे थांबत नाही. १९४७ पूर्वी स्कर्दू, कारगिल आणि लेह हे एकाच लडाख वजारतीचे भाग होते. १९७१ च्या डिसेंबरात तुर्तुक आणि शेजारची बाल्टी गावे भारताच्या ताब्यात आली आणि एकेका घराचे दोन देश झाले. तेव्हा स्कर्दूच्या माणसासाठी जे आम्ही मागतो ते कारगिलच्या माणसासाठी मागणे क्रमप्राप्त आहे.

जम्मू-काश्मीरच्या विशेष दर्जालाही संमतीची अट होती. राज्याच्या घटनासमितीच्या शिफारशीवाचून कलम ३७० रद्द होऊ नये, असे त्या कलमातच म्हटले होते. ती समिती १९५७ मध्ये विसर्जित झाली. त्याआधीच, ऑगस्ट १९५३ मध्ये, शेख अब्दुल्लांना पदच्युत करून अटक झाली होती, आणि पुढील दशकांत एकामागून एक आदेशांनी त्या दर्जातील आशय झिरपून गेला. ५ ऑगस्ट २०१९ रोजी उरलेसुरले कवचही गेले, तेव्हा राज्यात राष्ट्रपती राजवट होती आणि राज्याचे म्हणणे राज्यातील निर्वाचितांना विचारलेच गेले नाही. जुन्या व्यवस्थेत राज्याबाहेर लग्न करणाऱ्या स्त्रिया, पश्चिम पाकिस्तानातून आलेले निर्वासित, वाल्मीकी समाज यांच्यावर अन्याय होत होता, हा आक्षेप खराच आहे. ते अन्याय दूर व्हायलाच हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हा निर्णय वैध ठरवला, हेही खरे. परंतु वैधता आणि संमती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. २०२४ च्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्री आले, पोलीस मात्र नायब राज्यपालांकडेच राहिले. पुन्हा सोपीव, पुन्हा राखीव.

लडाखची कहाणी अधिक शिकवणारी आहे. २०१९ मध्ये केंद्रशासित दर्जा मिळाला म्हणून लेहने आनंद साजरा केला होता. काश्मीरच्या वर्चस्वातून सुटका ही त्यांची जुनी मागणी होती. विधानसभेवाचून मिळालेल्या त्या दर्जाचा अर्थ कळायला फार दिवस लागले नाहीत. बौद्धबहुल लेह आणि मुस्लिमबहुल कारगिल हे एरवीचे प्रतिस्पर्धी राज्याचा दर्जा आणि सहावी अनुसूची या मागण्यांसाठी एकत्र आले. २०२५ च्या जूनमध्ये केंद्राने नोकऱ्यांचे आरक्षण आणि अधिवास यांविषयीचे नियम काढले. म्हणजे तेही वरूनच दिले गेले. २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये आंदोलन हिंसक झाले, गोळीबारात चौघे मेले आणि सोनम वांगचुक यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध करून जोधपूरला नेण्यात आले. आम्ही हिंसेचे समर्थन करीत नाही. परंतु अत्ताबादच्या विस्थापितांविषयी कळवळा दाखवणाऱ्यांनी लेहच्या उपोषणकर्त्यांना देशद्रोही म्हणताना क्षणभर थबकावे, एवढी अपेक्षा गैर नसावी.

दोन्ही बाजूंची तुलना म्हणजे बरोबरी नव्हे. जम्मू-काश्मीर आणि लडाखचे मतदार संसदेत खासदार पाठवतात, न्यायालयात केंद्राला आव्हान देतात. गिलगिटच्या माणसाला यांतले पहिले नाहीच. हा फरक मोठा आहे आणि म्हणूनच आपल्याकडून अपेक्षाही मोठी आहे. सीमावर्ती प्रदेशात सुरक्षेला प्राधान्य हवे, असे सांगितले जाते. हवेच. पण १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर लडाखी जवान लढले आणि समोरच्या बाजूला मेलेल्यांत गिलगिट-बाल्टिस्तानच्या पलटणीतील पोरे होती. ज्यांच्यावर सरहद्दीचा भार टाकता येतो, त्यांच्यावर आपल्या कुरणाचा, पाण्याचा आणि पोलीस ठाण्याचा भार टाकता येत नाही, हे कोणत्या न्यायाने?